दिवस राहण्याआधीचे तीन महिने आणि नंतरचे नऊ: साखर सांभाळणारा आहार आणि व्यायाम, पायरीपायरीने

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली तेव्हा तिचं वजन ४६ किलो होतं आणि उंची १५२ सेंटिमीटर. दिवस राहिल्यावर सहाव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पिऊन केलेल्या तपासणीचा आकडा आला १५८, हवा होता १४० च्या आत. रिपोर्ट सासूबाईंच्या हातात होता. त्या मला म्हणाल्या, "अगं, हिच्या अंगावर मूठभर मांस नाही, हिला कुठली आलीय साखर? लॅबवाल्यांनी कुणाचा तरी कागद हिच्या नावावर लावला असेल."

रिपोर्ट बरोबर होता. मी आहारतज्ज्ञ आहे, साताऱ्यात रोज बायकांना आहार लिहून देते. तरी लग्नानंतरच्या दीड वर्षात "चल, एकदा तुझी साखर बघून घेऊ" असं मी या मुलीला एकदाही म्हटलं नव्हतं, कारण ती बारीक होती. लठ्ठ असती तर पहिल्या महिन्यातच तिला घेऊन गेले असते. ती चूक मला अजून टोचते. म्हणून हा लेख बाळाचा विचार करणाऱ्या सगळ्याच मुलींसाठी आहे, बारीक मुलींसाठी तर आधी.

बारीक आहे म्हणून साखर नाही, हा समज

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारीशेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून इतके वेगळे निघाले.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला होता. त्या बायकांचं दिवस राहण्याआधीचं सरासरी वजन होतं साधारण ४२ किलो. त्यांची बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा खूप हलकी जन्मली. त्यांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत होती. म्हणजे बारीक दिसणारी, पण आतून चरबीकडे झुकलेली ही घडण आपल्याकडे जन्मापासूनच असते. अशा शरीरात स्नायू कमी असल्यामुळे जेवणातली साखर साठवायला जागाही कमी पडते.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआयच्या रेषाही वेगळ्या आहेत. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. बायकांचा कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा. शिवणाच्या टेपने मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. परकराची नाडी बांधतो तिथे मोजलं तर आकडा चुकतो.

पोटात बाळ असताना साखर का वाढते

वार (प्लॅसेंटा) तयार झाली की तिच्यातून अशी संप्रेरकं सुटतात की आईच्या शरीरावर इन्सुलिनचा असर कमी होत जातो. ही निसर्गाचीच सोय आहे. आईच्या रक्तात साखर थोडा जास्त वेळ राहिली की ती बाळाला मिळते. पाचव्या महिन्यापासून हा विरोध वाढत जातो. निरोगी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून तो भरून काढतं. ज्यांच्या स्वादुपिंडाला तेवढा जोर लावता येत नाही, त्यांची साखर चढते.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. जास्तीची साखर आली की बाळाला स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवावं लागतं, आणि इन्सुलिन तर चरबी साठवणारं आहे. बाळ अंगाने मोठं होतं, बाळंतपण अवघड होतं. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, पण बाळाचं इन्सुलिन वाढलेलंच असतं. त्यामुळे जन्मल्यावर पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. पुढे मोठेपणी त्या मुलाला लठ्ठपणा आणि मधुमेह होण्याची शक्यताही वाढते.

पायरी पहिली: पाळी चुकण्याच्या तीन महिने आधी

पाळी चुकल्याचं कळतं तेव्हा बाळाच्या मणक्याची आणि मेंदूची घडण सुरू झालेली असते. म्हणून ही पायरी नंतर चढता येत नाही. एकाच फेरीत या तपासण्या करून घ्या: उपाशीपोटी साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), हिमोग्लोबिन, बी१२, थायरॉइडसाठी टीएसएच आणि रक्तदाब. फक्त एचबीए१सीवर विसंबू नका. लोहाची कमतरता असेल तर तो आकडा फसवतो, आणि आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असणाऱ्या मुली किती आहेत हे वेगळं सांगायला नको.

आधीपासून मधुमेह असेल तर एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या आत येईपर्यंत गर्भनिरोधन चालू ठेवा. डोळ्यांचा पडदा आणि किडनी तपासून घ्या. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्या.

फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी आत्तापासून सुरू करा. मधुमेह किंवा फिटचा आजार असेल तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टर ठरवतील. बी१२कडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. पुण्याच्या त्याच अभ्यासात मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा आईचं फॉलेट भरपूर पण बी१२ कमी असं जिथे होतं, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला विरोध सगळ्यात जास्त आढळला. यावरून फॉलिक बंद करायचं असा अर्थ कुणी काढू नये, ती गोळी लागतेच. बी१२ची कमतरता शोधून ती जोडीने भरून काढायची, एवढाच त्याचा अर्थ. शाकाहारी असाल, किंवा पीसीओएससाठी (बीजकोशांचा, पाळी लांबण्याचा त्रास) बरेच महिने मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेत असाल, तर बी१२ तपासणं टाळूच नका. मेटफॉर्मिनने ते कमी होतं.

वजन जास्त असेल तर कमी करण्याची वेळ हीच आहे. ७० किलोच्या मुलीने साडेतीन किलो उतरवलं तरी पाळी मार्गी लागायला आणि साखर सुधारायला मदत होते. दिवस राहिल्यावर वजन उतरवण्याचं डाएट करायचं नसतं. वजन खूप कमी असेल तर उलट याच काळात ते वाढवायचं, तेही स्नायूंच्या रूपात: डाळी, अंडी, दूध आणि जोडीला ताकदीचा व्यायाम.

नवऱ्यानेही या तपासण्या कराव्यात आणि तंबाखू, सिगारेट सोडावी. स्वयंपाक एकच असतो. त्याच्यासाठी वेगळे वडे तळले जात असतील तर तिचा आहार टिकत नाही, हे मी रोज पाहते.

पायरी दुसरी: डावी बाजू वाढवा

परदेशी आहारतक्त्यांची मला कधी गरज वाटली नाही, कारण आपल्या ताटाला डावी-उजवी बाजू आहेच. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि मध्ये वरणभात, पोळी. मांडणी उत्तम आहे, फक्त मापं बिघडली आहेत. कोशिंबीर चमचाभर उरली, उसळ सणावारी आली आणि मधला भाताचा ढीग वाढत गेला.

मापं अशी बदला. कोशिंबीर वाटीभर. पालेभाजी किंवा फळभाजी वाटीभर, तीत बटाटा नको. उसळ किंवा घट्ट वरण वाटीभर, मांसाहार असेल तर त्याऐवजी दोन अंडी किंवा माशाचे दोन तुकडे. भाकरी एक, किंवा लहान पोळ्या दोन, किंवा भात वाटीभर. भाकरी आणि भात दोन्ही हवं असेल तर दोन्ही अर्धं. वाटी म्हणजे आमटीची नेहमीची वाटी, खिरीचा वाडगा नव्हे.

खाण्याचा क्रमही उपयोगी पडतो. आधी कोशिंबीर आणि उसळ खा, भाकरी-भाताकडे नंतर वळा. तेवढ्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढते.

आता नाश्ता. गरोदरपणात सकाळी इन्सुलिनचा विरोध जास्त असतो, त्यामुळे तेच पदार्थ दुपारी चालतात आणि सकाळी चालत नाहीत. जावेच्या ताटलीचंच उदाहरण देते. रिपोर्ट आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी तिने नेहमीसारखे बटाटेपोहे केले. भरलेली बशी, वर चिमूटभर साखर घातलेली, शेजारी दोन चमचे साखरेचा चहा आणि "बाळासाठी" एक केळं. दोन तासांनी ओट्यापाशी उभं राहून आम्ही बोट टोचलं. १४९, हवा होता १२० च्या आत. तिचा चेहरा उतरला.

पुढच्या रविवारी कढई तीच होती. पोहे निम्मे घेतले, बटाटा काढला, त्या जागी वाफवलेले मोड आलेले मूग आणि मटार घातले, शेंगदाणे मूठभर, वरून लिंबू पिळलं. सोबत एक उकडलेलं अंडं. केळं अकरा वाजता, एकटं. चहा तासाभराने, बिनसाखरेचा. दोन तासांनी ११२. "ताई, पोहे सोडावे लागणार नाहीत ना मग?" असं तिने दोनदा विचारलं. नाही लागले.

हाच हिशोब बाकीच्या नाश्त्यांना लावा. उपम्यात रवा कमी, भाज्या आणि डाळ जास्त. इडली दोन, सांबार मात्र वाटीभर घट्ट. थालीपीठ एक, सोबत दही. मुगाचं धिरडं, बेसनाचं पोळं आणि नाचणीची आंबील या जुन्या गोष्टी सकाळसाठी चांगल्या, फक्त आंबील ताकातली, गुळातली नाही.

गुळाचं इथेच सांगते, कारण रोज हाच वाद होतो. गूळ, मध आणि खजुराचा रस ही रक्तात पोचल्यावर साखरच असते. "साखर बंद केली, आता गुळाचा चहा पिते" असं अभिमानाने सांगणाऱ्या मुलीला मला दर वेळी नाउमेद करावं लागतं. फळ चावून खा, रस काढून नको. रसात चार मोसंबी एका घोटात जातात आणि चोथा गाळणीत राहतो.

पालेभाजीबद्दल मुंबईत एक फार मोलाचं काम झालं आहे. तिथल्या झोपडवस्त्यांमधल्या बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. एका गटाचा खाऊ पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला, दुसऱ्या गटाचा कांदा-बटाट्यासारख्या वस्तूंचा. पहिल्या गटात गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण ७.३ टक्के होतं, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. कुठलीही महागडी पावडर नव्हती. मेथी, चाकवत, शेपू, राजगिरा, माठ, चवळी, जी भाजी मंडईत स्वस्त असेल ती रोज एक जुडी घरात आली पाहिजे. पालेभाजीवर लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागेल. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, एक सकाळी आणि एक रात्री असं वाटून घ्या.

किनारपट्टीवरच्या मैत्रिणींनी बांगडा, तारली, मांदेली बिनधास्त खावी, आठवड्यातून दोनदा. मुशी मात्र गरोदरपणात नको. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. अंडी आणि मासे पूर्ण शिजलेले असावेत, दूध उकळलेलं.

उपवासांचं काय? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा घातला की साखर चढणारच. सोडवत नसेल तर राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, दही, शेंगदाण्याची आमटी आणि त्यासोबत थोडी वरई असा उपवास करा. निर्जळी उपवास या नऊ महिन्यांत नाही. इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय साधाही नाही.

पायरी तिसरी: किती खायचं आणि वजन किती वाढू द्यायचं

"दोन जिवांची आहेस" म्हणत घरचे ताटात वाढत राहतात. प्रेमच असतं ते. पण हिशोब असा आहे की भारतीय शिफारशींनुसार गरोदरपणात रोज ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे साधारण एक मध्यम भाकरी, वाटीभर उसळ आणि वाटीभर दही. पहिल्या तीन महिन्यांत बहुतेकींना तेवढंही लागत नाही, आणि उलट्यांमुळे जातही नाही. त्या दिवसांत तक्ता बाजूला ठेवा. दर दोन तासांनी थोडं थोडं, कोरडं, थंड, जे पोटात टिकेल ते खा. पाणीसुद्धा टिकत नसेल तर मात्र दवाखाना गाठा.

कॅलरीपेक्षा प्रथिनांची गरज जास्त वाढते. ५५ किलोच्या बाईला एरवी रोज ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. मधल्या तीन महिन्यांत त्यात साडेनऊ ग्रॅमची भर पडते आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅमची. वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, एक अंडं, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे, यातल्या प्रत्येकातून सहा-सात ग्रॅम मिळतात. बोटांवर मोजा. शेवटच्या तिमाहीत दिवसभरात असे सात-आठ वाटे जमले पाहिजेत, उरलेलं भाकरी-पोळीतून येतं.

वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर बघा. सुरुवातीला बीएमआय १८.५ पेक्षा कमी असेल तर एकूण साडेबारा ते १८ किलो वाढावं, मध्यम असेल तर साडेअकरा ते १६, वजन जास्त असेल तर ७ ते साडेअकरा आणि लठ्ठपणा असेल तर ५ ते ९. ही आंतरराष्ट्रीय मापं आहेत. आपल्या बारीक चणीच्या मुलींसाठी डॉक्टर खालच्या टोकाला समाधान मानतात. आठवड्यात एकदम किलोभर वाढलं आणि चेहऱ्यावर, हातांवर सूज आली तर ते खाण्याचं वजन समजू नका. रक्तदाब त्याच दिवशी तपासा.

पायरी चौथी: ग्लुकोजचं पाणी

सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही तपासणी दोनदा होते, पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याच्या वर आला तर गरोदरपणातला मधुमेह. या पद्धतीत उपाशी जाण्याचीही गरज नाही. गावाकडून एसटीने येणाऱ्या बाईसाठी ही केवढी मोठी सोय आहे. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात. लिंबू पिळून प्यायलं तर मळमळ कमी होते, पण आधी तिथल्या सिस्टरना विचारा.

पहिल्या वेळी आकडा चांगला आला म्हणून दुसरी तपासणी टाळू नका. विरोध वाढतो तोच मुळी पाचव्या महिन्यानंतर. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातून मोफत तपासणी असते. गावातल्या आशाताईंना विचारलंत तर त्या सोबतही येतात.

पायरी पाचवी: आकडा वर आलाच तर

पहिले दोन आठवडे आहार आणि चालणं. साखरेचं यंत्र घरी आणा आणि वही करा. उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत ही उद्दिष्टं. दोन तास मोजायचे ते पहिला घास घेतल्यापासून, हात धुतल्यापासून नव्हे. बोट टोचण्याआधी साबणाने हात धुवून कोरडे करा. चिकू सोललेल्या हाताने टोचलंत तर यंत्र चिकूची साखर दाखवेल आणि तुम्ही उगीच रडत बसाल. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. आकड्याशेजारी काय खाल्लं आणि किती चाललात तेही लिहा. नुसत्या आकड्यांच्या वहीतून मला काहीच सांगता येत नाही.

दोन आठवड्यांनी आकडे खाली आले नाहीत तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन लागेल. इथे फार मुली मोडून पडतात. "मी नीट पथ्य पाळलं नाही म्हणून सुई लागली" असं समजतात. तसं नाही हो. वारेच्या संप्रेरकांपुढे तुमचं स्वादुपिंड कमी पडलं, बस. इन्सुलिन वारेतून बाळापर्यंत जात नाही. सुई टाळण्यासाठी उपाशी राहणं मात्र बाळाला बाधतं. मी अशा मुली पाहिल्या आहेत ज्यांनी आकडा सुंदर यावा म्हणून रात्रीचं जेवणच सोडलं. कृपा करून असं करू नका. झोपताना पेलाभर दूध किंवा मूठभर फुटाणे खा.

पायरी सहावी: चालणं, उठणं-बसणं, भिंत ढकलणं

ही पायरी खरं तर पहिलीच्या जोडीनेच सुरू व्हायला हवी. काम करणारा स्नायू इन्सुलिनवर फारसा अवलंबून न राहता रक्तातली साखर उचलतो, म्हणून जिथे इन्सुलिन कमी पडतं तिथेही चालणं कामी येतं. दिवस राहण्याआधी आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम करून स्नायू कमवा. तीच पुढची साठवणीची जागा.

गरोदरपणात गुंतागुंत नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकदम चालायला जमत नसेल तर तीन जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. साखरेसाठी हेच जास्त कामाचं आहे, कारण साखर चढते ती जेवणानंतरच. वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. विदर्भात, खानदेशात उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडू नका. व्हरांड्यात किंवा खोलीतल्या खोलीत चाला.

ताकदीसाठी घरातलंच पुरे. खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि हळू बसा, दहा वेळा. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे टेकवा आणि भिंत ढकला, दहा वेळा. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन कोपरातून वर-खाली करा. ओट्याला धरून टाचा उचला. जोडीला लघवी अडवल्यासारखे ओटीपोटाचे स्नायू पाच मोजेपर्यंत आवळून सोडा. श्वास कोंडायचा नाही. चौथा महिना उलटल्यावर पाठीवर सपाट झोपून कुठलाही व्यायाम नको, गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येते. पडण्याचा किंवा पोटाला मार लागण्याचा धोका असलेले खेळ थांबवा. "फरशी पुसली की बाळंतपण सोपं होतं" असं म्हणत सुनेकडून घरभर पोछा मारून घेणं हा व्यायाम नव्हे, ते काम आहे. त्याने ती दमली असेल तर तिला आधी बसू द्या.

गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल, पाणी गेलं असेल, गरोदरपणातला रक्तदाब किंवा तीव्र रक्तक्षय असेल, हृदयाचा आजार असेल किंवा जुळं असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि व्यायाम करताना चक्कर, छातीत दुखणं, डोकं ठणकणं, पोटरीत दुखून सूज येणं, अंगावरून लाल जाणं, पाणी जाणं, पोटात ठरावीक अंतराने कळा येणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं यातलं काहीही झालं तर तिथेच थांबून फोन लावा.

डोहाळजेवण आणि लाडू

डोहाळजेवण रद्द करू नका. जावेचं आम्ही दणक्यात केलं. फुलांची वाडी भरली, झोपाळा सजवला, ताटात कोशिंबिरी चार प्रकारच्या, अळूची भाजी, मटकीची उसळ, नारळीभात दोन चमचे, पुरणपोळी चतकोर. बायकांनी आग्रह केला तेव्हा सासूबाईच मध्ये पडल्या, "तिला माप आहे, आग्रह मला करा." जेवण झाल्यावर सगळ्याजणी तिच्यासोबत गच्चीवर पंधरा मिनिटं चालल्या.

डिंकाचे आणि अळिवाचे लाडू बाळंतपणानंतरचे. त्यातलं खोबरं, अळीव, खारीक सगळं चांगलं, पण एका लाडवात गूळ आणि तूपही भरपूर असतं. साखर झाली असेल तर लाडू लिंबाएवढा वळा, दिवसाला एक. अळीव ताकात किंवा दुधात भिजवूनही घेता येतात.

बाळंतपणानंतर सहा आठवडे

वार पडली की बहुतेकींची साखर दोन-तीन दिवसांत जागेवर येते, आणि ती वही ड्रॉवरमध्ये जाऊन पडते. तसं होऊ देऊ नका. सहा आठवड्यांनी उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी तपासणी करायची असते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर, अथवा दोन तासांनी २०० किंवा त्याच्या वर असेल तर मधुमेह राहिला आहे. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ मध्ये असेल तर तो उंबरठ्यावर आहे. दोन्ही चांगले असले तरी अशा बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते, म्हणून दर वर्षी तपासणी. अंगावर पाजल्याने ही शक्यता कमी होते आणि बाळालाही फायदा होतो. पाजणाऱ्या आईला भूक लागतेच, तेव्हा जेवण कमी करायचं नाही, ताटाची तीच डावी बाजू चालू ठेवायची. पुढचं मूल हवं असेल तर पाळणा लांबवा आणि पहिली पायरी पुन्हा चढा.

बाळाच्या लसीकरणाची फेरीही साधारण सहाव्या आठवड्यातच असते. दोन्ही एकाच दिवशी ठेवा, नाहीतर बाळाची सुई लक्षात राहते आणि आईची विसरली जाते. माझ्या जावेचा दोन तासांचा आकडा १३१ आला. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बाळाच्या वाढदिवसाच्या चौकटीत लिहिलं: "सकाळी उपाशी, धाकटीची साखर. केक नंतर."